संगणकाला तालिकापत्र वाचता येऊ लागले तेव्हा

अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस १९०१ पासून छापील तालिकापत्रे, म्हणजे एकेका पुस्तकाची माहिती देणारी सूचीतील कार्डे, देशभरच्या ग्रंथालयांना विकत असे. एकाच पुस्तकासाठी लेखक, शीर्षक आणि विषय यांची वेगवेगळी पत्रे लागत आणि ती वर्णानुक्रमे खणांत लावावी लागत. पुस्तकांची आवक वाढत गेली तसे हे काम आवरेनासे झाले आणि संगणकाचा विचार सुरू झाला. पत्रे भराभर छापून घेणे हा त्यातला सोपा भाग होता. पत्रावर लेखक कोठे आणि प्रकाशक कोठे, हे तालिकाकाराला मांडणीवरूनच कळते; संगणकाला मात्र तेथे अक्षरांची एक सलग रांग तेवढी मिळते.

हेन्रिएट अ‍ॅव्हरम १९६५ मध्ये या ग्रंथालयात आल्या. त्या संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्या होत्या, ग्रंथपाल नव्हत्या. म्हणून पत्रावरील प्रत्येक घटक कशासाठी आहे, हे त्यांना तालिकाकारांकडून मुळापासून समजून घ्यावे लागले. त्यातून ‘मार्क’ (मशीन-रीडेबल कॅटलॉगिंग) ही यंत्राला वाचता येणारी नोंदपद्धती आकाराला आली. नोव्हेंबर १९६६ पासून सोळा ग्रंथालयांत तिची चाचणी झाली आणि सुधारित रूपातील नोंदी १९६९ पासून चुंबकीय फितींवर सर्वांना मिळू लागल्या.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. शीर्षक दोन शब्दांचे असेल किंवा चाळीस, प्रत्येकाला ठरावीक जागा दिली तर एकीकडे जागा वाया जाते आणि दुसरीकडे मजकूर तुटतो. म्हणून नोंदीच्या आरंभी नोंदीविषयीची माहिती देणारे चोवीस अक्षरांचे शीर्ष आणि त्यानंतर कोणता मजकूर कोठे आहे हे सांगणारी एक निर्देशिका ठेवली. निर्देशिकेत ‘२४५००८७००१२०’ असे बारा अंक असतील, तर त्यांचा अर्थ असा: २४५ म्हणजे शीर्षकाचे क्षेत्र (नोंदीतील एका घटकाची जागा), त्याची लांबी ८७ आणि मजकुराचा आरंभ १२० या स्थानापासून. इंग्रजी शीर्षकातील आरंभीचा ‘द’ वर्णानुक्रमात धरायचा नसतो. किती अक्षरे वगळायची, हे सांगणारा अंकही पुढे त्याच क्षेत्रात आला. माणसाच्या सवयीत मुरलेला नियम असा यंत्रासाठी उघड लिहावा लागला, आणि मला या साऱ्या प्रकल्पाचे खरे मोल तेथेच दिसते.

ओहायोतील ग्रंथालयांनी ऑगस्ट १९७१ मध्ये सामायिक ऑनलाइन तालिकीकरण सुरू केले, तेव्हा एकाने केलेली नोंद दुसऱ्याला तशीच वापरता येऊ लागली. सुरुवातीच्या अक्षरसंचात देवनागरी नव्हती, त्यामुळे मराठी पुस्तकाचे शीर्षक रोमन लिप्यंतरातच नोंदवावे लागे. मूळ लिपीसाठी ८८० हे क्षेत्र नंतर आले, आणि युनिकोड ही अनेक लिप्यांसाठीची सामायिक अक्षरसंकेतपद्धती स्वीकारल्यावर देवनागरी शीर्षकालाही त्याच नोंदीत जागा मिळाली.