क्युरासाओचे वाळूवरचे सिनेगॉग : आमच्या कॅरिबियन सहलीच्या प्रवाशांसाठी माहिती

सप्रेम नमस्कार,

आपल्या क्रूझच्या वाटेवर विलेमस्टाड हे बंदर आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ६५ किलोमीटरवर असलेल्या क्युरासाओ बेटाची ही राजधानी. शहराचा जुना भाग १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक प्रवासी रंगीबेरंगी डच घरांपुढे फोटो काढतात, निळ्या क्युरासाओ मद्याची बाटली घेतात आणि बोटीवर परततात. आमची आग्रहाची विनंती आहे, की निदान दीड तास मिक्वे इस्राएल-इमॅन्युएल या सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळासाठी, राखून ठेवा. ही इमारत १७३२ सालची आहे. उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून अखंड वापरात असलेले सर्वांत जुने सिनेगॉग हेच. गावात त्याला ‘स्नोआ’ म्हणतात; कोणालाही ‘स्नोआ’ कुठे आहे विचारा, लगेच वाट दाखवतील.

आत गेल्यावर

पिवळ्या भिंतींच्या आवारातून आत शिरलात की पायाखाली फरशी लागत नाही, वाळू लागते. संपूर्ण सभागृहभर पांढरी, मऊ वाळू पसरलेली आहे. डोक्यावर मोठी पितळी झुंबरे, गडद महोगनीची बाके आणि मधोमध प्रार्थना म्हणण्याचा चौथरा. तोरा म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या, त्या पूर्वेकडच्या मोठ्या कपाटात असतात. छत पेलणारे चार भक्कम खांब इस्राएलच्या चार आदिमाता मानले जातात : सारा, रिबका, राहेल आणि लेआ.

वाळू कशासाठी, याची तीन-चार कारणे तुम्हाला ऐकायला मिळतील. इजिप्तमधून सुटलेल्या पूर्वजांनी वाळवंटात काढलेली चाळीस वर्षे आठवावीत म्हणून. ‘तुझी संतती समुद्रकाठच्या वाळूइतकी होईल’ या अब्राहामला मिळालेल्या वचनासाठी. आणि तिसरे, पोर्तुगालमध्ये चोरून प्रार्थना करणाऱ्यांनी पावलांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून घरात वाळू पसरली, त्याची आठवण. हे तिसरे कारण ऐकताना गलबलून येते. पण क्युरासाओत डच सत्तेखाली लपून प्रार्थना करण्याची वेळ कधी आली नाही, हेही लक्षात घ्यावे. हे सिनेगॉग ज्याच्या धर्तीवर बांधले, त्या ॲमस्टरडॅमच्या १६७५ च्या सिनेगॉगमध्येही लाकडी जमिनीवर बारीक वाळू टाकतात. प्रथा तिकडून आली आणि अर्थ मागाहून चढत गेले, असे आम्हाला वाटते. त्याने त्या अर्थांचे मोल कमी होत नाही.

ही माणसे इथवर कशी आली

१४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले. अनेकजण शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले, तर तिथे १४९७ मध्ये त्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. पुढे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले आणि घरात गुपचूप जुना धर्म पाळणाऱ्यांची धरपकड सुरू झाली. या इतिहासाचा एक धागा आपल्या गोव्यातही आहे. औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे वैद्य गार्सिया द ओर्ता याच समाजातले. त्यांच्या मृत्यूनंतर बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्तांची हाडे उकरून जाळली.

ज्यांना निसटता आले त्यांतले पुष्कळजण ॲमस्टरडॅमला पोहोचले. डचांनी १६३४ मध्ये क्युरासाओ स्पेनकडून घेतले, १६५१ मध्ये इथे ज्यू समाज स्थापन झाला आणि १६५९ मध्ये ॲमस्टरडॅमहून आलेल्या कुटुंबांनी तोरा सोबत आणली. व्यापारात जम बसल्यावर याच समाजाने न्यूयॉर्क आणि न्यूपोर्टच्या सिनेगॉगांना पैसे पाठवले. त्याच काळात हे बेट डच वेस्ट इंडिया कंपनीच्या गुलाम-व्यापाराचे मोठे ठाणे होते आणि ज्यू कुटुंबांकडेही गुलाम होते. छळातून सुटलेल्यांच्या इतिहासातला हा भाग आम्ही माहिती देताना गाळत नाही.

मुंबईतले १७९६ चे शार हारहमीम सिनेगॉग पाहिलेल्यांना इथे वेगळेपण जाणवेल. कोकणातून आलेले, घरी मराठी बोलणारे आपले बेने इस्राएल ज्यू निराळे, इथले सेफार्दी, म्हणजे मूळचे स्पेन-पोर्तुगालचे ज्यू. आडनावे मादुरो, सीनियर, काप्रिलेस अशी. युरोप सहलीत हेगजवळचे मादुरोडाम, ते चिमुकले हॉलंड, पाहिले असेल तर त्याचे नाव ज्याच्यावरून पडले तो जॉर्ज मादुरो विलेमस्टाडचाच. डच सैन्यातला हा तरुण अधिकारी फेब्रुवारी १९४५ मध्ये नाझींच्या दाखाउ छावणीत मरण पावला. त्याच्या आईवडिलांच्या देणगीतून ते १९५२ मध्ये उभे राहिले.

अंगणातले दगड

घाईत हे अंगण बघायचे राहून जाते. इथल्या संग्रहालयाबरोबरच अंगणातल्या थडग्यांच्या शिळा आवर्जून पाहा. त्या प्रतिकृती आहेत. मूळ शिळा शहराबाहेरच्या बेथ हाइम या दफनभूमीत आहेत. तिथे सुमारे अडीच हजार कबरी आहेत. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाना आला आणि त्याच्या धुराने अक्षरे नि शिल्पे झिजली. प्रतिकृतींवर मात्र ती स्पष्ट दिसतात : मृताच्या नावाशी जुळणारे बायबलमधले प्रसंग, आणि अकाली गेलेल्यासाठी कुऱ्हाडीने तोडले जाणारे झाड. ज्यू धर्मात मानवाकृती कोरणे सहसा टाळतात, म्हणून ही शिल्पे अभ्यासकांनाही विशेष वाटतात.

जाताना

चपला काढायची गरज नाही. देवळाच्या सवयीने हात आपोआप बक्कलकडे जातो, पण इथे पादत्राणे घालूनच आत जातात. उघड्या सँडलमध्ये वाळू शिरते, तेव्हा बंद बूट बरे. पुरुषांनी डोके झाकावे. छोटी टोपी दारात मिळते. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला.

शनिवारी आणि ज्यू सणांना पर्यटकांसाठी दार बंद असते, म्हणून त्या दिवशी बोट लागत असेल तर आम्ही आधीच कळवू. शनिवारी सकाळच्या प्रार्थनेला मात्र पाहुण्यांना बसता येते. तेव्हा फोटो काढू नयेत आणि मोबाईल बंद ठेवावा.

मोठ्या बोटी शहराच्या ओत्रोबांदा या भागाच्या बाजूला लागतात आणि सिनेगॉग पलीकडच्या पुंडा या भागात आहे. मधे क्वीन एमा हा तरंगता पूल आहे. जहाज आले की तो बाजूला सरकतो आणि पायी चालणाऱ्यांना थांबावे लागते. अशा वेळी फेरीबोट मिळते, तरीही परतीसाठी अर्धा तास जास्तीचा धरा.