पार्श्वभूमी : लेकॉकच्या गल्ल्या आणि कागदावरचा पहिला फोटो

इंग्लंडच्या विल्टशायरमधल्या लेकॉक या गावी कॅमेरा घेऊन जाणारे बहुतेक जण एकाच वाटेने फिरतात. आधी चर्च स्ट्रीटवरची लाकडी चौकटींची घरं, मग चौदाव्या शतकातलं धान्याचं कोठार, ओढ्यावरचा दगडी पूल, आणि वेळ उरलाच तर ॲबी. माझ्या मते सुरुवात ॲबीपासून करावी. १२३२ साली स्थापन झालेला हा ननांचा मठ सोळाव्या शतकात बंद पडला आणि खासगी निवासस्थान झाला. त्याच्या दक्षिणेकडच्या दालनातल्या जाळीदार खिडकीचं चित्र तिथला जमीनदार विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने ऑगस्ट १८३५ मध्ये कागदावर उतरवलं. आज शिल्लक असलेल्या निगेटिव्हमध्ये, म्हणजे उजेड-अंधार उलटा दिसणाऱ्या मूळ चित्रांमध्ये, ही सर्वांत जुनी, आकाराने टपाल तिकिटाहून फार मोठी नाही. काढली तेव्हा भिंगातून काचेचे सुमारे २०० चौकोन मोजता येत होते, अशी नोंद त्याने शेजारी करून ठेवली आहे.

हे चित्र उमटायला फार वेळ लागे. सप्टेंबर १८४० मध्ये त्याला दिसलं, की कागदावर न दिसणारी प्रतिमा रसायनाने नंतर उजळवता येते. तासाचं काम मिनिटांवर आलं. या पद्धतीला त्याने कॅलोटाइप म्हटलं, ‘सुंदर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. ‘निगेटिव्ह’ हा शब्द मात्र त्याच्या खगोलशास्त्रज्ञ मित्राने, जॉन हर्शेलने रूढ केला.

वाद पुढचा आहे. फेब्रुवारी १८४१ मध्ये त्याने या पद्धतीचं पेटंट घेतलं. बचाव असा केला जातो, की खर्च त्याचा होता, वर्षानुवर्षांचे कष्ट त्याचे होते आणि पॅरिसचा प्रतिस्पर्धी दागेर याच्या पद्धतीवरही इंग्लंडात १८३९ पासून पेटंट होतंच. हे खरं आहे. पण त्या प्रतिस्पर्ध्याची पद्धत फ्रेंच सरकारने बाकी जगाला मोफत दिली होती, आणि दोन्ही वाटा अडलेला देश इंग्लंडच ठरला. स्कॉटलंडला कॅलोटाइपचं पेटंट लागू नव्हतं. म्हणून एडिनबरोच्या हिल आणि ॲडमसन या छायाचित्रकार जोडीने १८४० च्या दशकात न्यूहेवनच्या कोळीवाड्यात जाऊन होड्या, टोपल्या घेतलेल्या बाया, दारात बसलेली माणसं टिपली. सीमेच्या अलीकडे याच कामाला परवाना लागला असता. खुद्द लेकॉकमध्ये त्या काळात काय टिपलं गेलं? गवताची गंजी, टेकवलेली शिडी, दाराशी उभा केलेला खराटा. ही चित्रं अप्रतिम आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण ती मालकाच्या आवारातली आहेत, गावाच्या गल्लीतली नाहीत. खेड्याच्या छायाचित्रणाची ती दहा वर्षं पेटंटने खाल्ली, असं मी म्हणतो. १८५२ मध्ये त्याने बहुतेक हक्क सोडले, धंद्यासाठी काढलेली व्यक्तिचित्रं तेवढी राखली. १८५४ च्या खटल्यात ज्यूरीने त्याला शोधाचं श्रेय दिलं, पण काचेवरची नवी कोलोडियन पद्धत त्याच्या पेटंटात येत नाही असाही निर्णय दिला. तिथे कुलूप तुटलं.

१९४४ मध्ये टॅल्बट घराण्याच्या वारसदार स्त्रीने ॲबी आणि जवळजवळ सगळं गाव वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिलं. १९७५ मध्ये ॲबीच्या दाराशी, जुन्या कोठारात छायाचित्रणाचं संग्रहालय उघडलं. १९९५ च्या सुमारास कादंबऱ्यांवरच्या टीव्ही मालिकांनी हे रस्ते जुन्या काळची बाजारपेठ म्हणून दाखवले आणि मग चित्रीकरणाच्या गाड्या येत राहिल्या. खांबांवरच्या तारा नाहीत, म्हणून चौकट स्वच्छ मिळते. घरं मात्र रिकामी नाहीत, तिथे भाडेकरू राहतात आणि कित्येक खिडक्या थेट रस्त्यावर उघडतात. पाहुण्यांनी गाड्या गावाबाहेरच्या तळावर लावायच्या असतात. रहिवाशांच्या गाड्या दारासमोरच असतात, आणि फोटोत त्या येतातच.