तालांव नाकारणारा चालक आणि पोलिसांचा विवेकाधिकार (गोवा)

वाहतुकीचा नियम मोडल्यावर मिळणाऱ्या दंडाच्या चिठ्ठीला गोव्यात तालांव म्हणतात. महाराष्ट्रातले चलान ते हेच. चालक थांबत नाही, कागदपत्रे दाखवत नाही किंवा हुज्जत घालतो, तेव्हा त्याला समज देऊन सोडायचे, तालांव द्यायचा, वाहन अडकवून ठेवायचे की अटक करायची हे जागेवरच्या पोलिसाने ठरवायचे असते. मोटार वाहन कायदा, १९८८ ने ही मोकळीक दिली आहे, मात्र प्रत्येक पावलाचे कलम वेगळे आणि अटही वेगळी.

रस्त्यावरचे बहुतेक तंटे दोन नकारांची गल्लत झाल्याने पेटतात. दंड भरायला नकार देणे हा गुन्हा नव्हे. कलम २०० नुसार जागेवर पैसे भरणे ही तडजोड आहे आणि ती स्वीकारण्याची सक्ती कोणावर नाही. ‘मी कोर्टात बघतो’ म्हणणाऱ्या चालकाचा तालांव नोंदवावा आणि प्रकरण न्यायालयाकडे जाऊ द्यावे. त्याने सही केली नाही तर तशी नोंद करावी. गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून वाढीव दंड लागू आहेत, हेल्मेट नसल्यास १,००० रुपये. रक्कम मोठी असल्याने वादही वाढले आहेत, म्हणून हा फरक पोलीस आणि चालक दोघांनाही पाठ हवा.

नाव-पत्ता सांगायला नकार देणे मात्र निराळे. कायद्याखालील गुन्हा केलेल्याने नाव-पत्ता दिला नाही, तर कलम २०२ नुसार गणवेशातील पोलीस त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतो. करू शकतो, केलीच पाहिजे असे नाही. आधी वाहनाचा क्रमांक यंत्रावर तपासावा, मालकाचे नाव पडताळावे, मग ‘नाव सांगितले नाही तर अटक होऊ शकते’ असे एकदा स्पष्ट बजावावे. इथे बरेच जण नरमतात.

परवाना मागण्याचा अधिकार गणवेशातील कोणत्याही पोलिसाला आहे (कलम १३०). डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधला परवाना चालतो. गॅलरीत ठेवलेला फोटो चालत नाही. घाटात रेंज मिळत नसेल तर परवान्याचा क्रमांक लिहून घेऊन नंतर पडताळणी करणे शहाणपणाचे. आदेश न मानणे, अडथळा आणणे किंवा माहिती नाकारणे यासाठी कलम १७९ आहे, दंड २,००० रुपयांपर्यंत. धक्काबुक्की झाली तरच भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ (सरकारी नोकरावर हल्ला) लावावे. आवाज चढवणे म्हणजे हल्ला नव्हे, आणि शब्दाला शब्द लागला म्हणून हे कलम लावले तर ते न्यायालयात टिकत नाही.

गाडीची चावी काढून घेण्याचा अधिकार या कायद्यातले कोणतेही कलम देत नाही. वाहन अडकवून ठेवायला कलम २०७ आहे, तेही नोंदणी, चालकाचा परवाना किंवा वाहनाचे परमिट नसणे, चालक अल्पवयीन असणे अशा ठरावीक कारणांसाठीच. त्यातही परवाना किंवा परमिट नसल्यास वाहनाऐवजी नोंदणी प्रमाणपत्र घेऊन पोच देण्याची मुभा आहे. कुटुंब घेऊन निघालेल्या माणसाला रात्री रस्त्यावर उभे करण्यापेक्षा ती वापरणे केव्हाही बरे.

न थांबणाऱ्यामागे धावणे सर्वांत धोक्याचे. दुचाकीचे हँडल धरले की ती घसरते, पावसाळ्यात तर हमखास. क्रमांक टिपून पुढच्या नाक्याला वायरलेसवर कळवणे पुरेसे असते. पणजीत मांडवी नदीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. वाट चुकून भाड्याच्या स्कूटरवरून वर चढलेल्या पर्यटकाला मध्येच अडवले तर मागून येणारी मोटार दोघांनाही उडवू शकते. त्याला पूल उतरू द्यावे, डाव्या कडेला घ्यावे, आणि मगच तालांव लिहावा.

मद्याच्या चाचणीत सवलत फार थोडी. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. चालकाने अल्कोमीटरमध्ये फुंकायला नकार दिला आणि तो प्यायल्याचा सबळ संशय असला, तर कलम २०३ नुसार अटक होऊ शकते. नकार स्वतः गुन्हा सिद्ध करत नाही, पण सबळ कारण नसल्यास खटल्यात तो पुराव्याला बळकटी देतो (कलम २०५). कलम १८५ (दारू पिऊन वाहन चालवणे) खाली अटक झालेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर त्याला सोडावे लागते. रात्री नाकाबंदी लावताना जवळच्या इस्पितळात डॉक्टर आहे का, हे आधीच विचारून ठेवावे लागते ते याचसाठी.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या रेंट-अ-बाइकचा चालक नकार देऊन निघून गेला, तर ई-चलान मालकाच्या नावे जाते. त्यावेळी कोण चालवत होते हे कलम १३३ खाली विचारता येते आणि मालकाला ते सांगावेच लागते. त्यामुळे स्कूटर देताना परवान्याची प्रत, मोबाइल क्रमांक आणि दिल्या-घेतल्याची वेळ लिहून ठेवणारा मालक यातून सुटतो. नुसते आगाऊ पैसे घेऊन चावी देणारा अडकतो.