गाडी नव्याने बांधणे (बेळगाव सीमाभाग)

धंद्यातून निवृत्त झालेली किंवा वळचणीला गंजत पडलेली जुनी छोटी व्हॅन अथवा पिकअप घ्यायची, तिचा पत्रा, आसने, चाके, रंग मनासारखे करून घ्यायचे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची, असा हा हौसेचा उद्योग आहे. त्याला हौसेपेक्षा चिकाटी जास्त लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी आणि कन्नड बोलणारे मिस्त्री एकाच गाडीखाली झोपून तो करतात. सहा महिने गॅरेजबाहेर उभारलेली गाडी इथे कुणाला नवल वाटत नाही. (इकडच्या मराठीत गाडी उभी राहत नाही, उभारते.)

या हौसेची लाडकी गाडी म्हणजे मारुती व्हॅन. ती १९८४ मध्ये आली, पुढे ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मूळ आराखडा सुझुकीच्या कॅरी या जपानी गाडीचा. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या आसनांखाली, ताकद मागच्या चाकांना, मागे पाट्यांचे स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना सरकते दार. तिला नाक नाही, आहे तो सरळ डबा. सिनेमावाल्यांनी तिला अपहरणकर्त्यांच्या दावणीला बांधले, पण सीमाभागात तिने शाळेची पोरे, भाजीच्या करंड्या आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेली अख्खी बिऱ्हाडे वाहिली. तिच्याआधीची पिढी बजाज टेंपोच्या मॅटाडोरची. आकुर्डीच्या या कंपनीने १९६९ पासून ती काढली. तिची ताकद पुढच्या चाकांना असल्याने मागचा तळ जमिनीलगत राहतो. पोती चढवायला ते सोयीचे होतेच, आज आत ताठ उभे राहता येईल अशी खोली करू पाहणाऱ्यालाही तेच हवे असते. मालवाहू चारचाकीला मराठी माणूस सरसकट ‘टेंपो’ म्हणतो, तो शब्दही या कंपनीच्या मूळ जर्मन भागीदाराचा. पिकअपमध्ये महिंद्राच्या जीपवर बेतलेल्या गाड्या आणि १९८८ ची टाटा मोबाइल २०६ यांना मागणी असते.

अशा डबेवजा गाड्यांचे वेड केवळ इथले नाही. अमेरिकेत १९६१ मध्ये फोर्डची इकोनोलाइन आणि शेव्हरोलेची त्यांच्याच कॉर्व्हेअर या मोटारीवर बेतलेली व्हॅन आली, १९६४ मध्ये डॉजची ए-१००. तिन्ही पिकअपच्या रूपातही मिळत. इकोनोलाइन व डॉजचे इंजिन पुढच्या दोन आसनांच्या मधोमध असे. जागा पुष्कळ आणि जुनी झाली की किंमत कमी, म्हणून १९७० च्या दशकात तिथल्या तरुणांनी व्हॅनच्या आत गालिचे अंथरले आणि बाहेर चित्रे काढली. सीमाभागातल्या ओम्नीमालकाने यातले काही पाहिलेले असेलच असे नाही. रिकामा डबा समोर असला की कुणालाही तो भरावासा वाटतो, एवढेच त्यातले साम्य.

इथे ही हौस रुजली त्याला मात्र इथलीच कारणे आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले ते बेळगावात. किर्लोस्कर पुढे कुंडलला गेले. नंतरच्या काळात शहराच्या दक्षिणेला उद्यमबागेत लेथ आणि फाउंड्र्या उभ्या राहिल्या. पुण्या-मुंबईत ‘पार्ट मिळत नाही’ म्हणून मोडीत निघणाऱ्या गाडीचा बुश किंवा पिन इथे नमुना दाखवून वळून घेता येते. दुसरे कारण रस्त्यांचे. बेळगावची भाजी चोर्ला घाटाने गोव्यात उतरते, आंबोली घाटाने सावंतवाडीकडे जाता येते, निपाणी तर पुणे-बंगळूर महामार्गावरच आहे. वीस-वीस वर्षे घाट चढलेली गाडी घरातल्या बैलासारखी होते. ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायला मालकाचे मन होत नाही, आणि मुलगा कमावता झाला की वडिलांच्या त्याच गाडीला हात घालतो. या हौसेची खरी ओढ इथे आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दिखाव्यासाठी बांधलेल्या गाड्याही दिसतात, पण त्या लवकर विकल्या जातात.

काम सुरू होते पत्र्यापासून. गाडी घेताना जाणता माणूस खिशातून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढतो आणि दारांच्या खालच्या कडेने फिरवतो. पत्रा असेल तिथे ते चिकटते. जिथे सुटून हातात येते तिथे रंगाखाली नुसती पुट्टी भरलेली असते. ओम्नीत हे बहुधा सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीपाशी घडते. खानापूरकडचा पाऊस आणि तांबडी माती त्या खोबणीत बसते, रोलर जाम होतो, दार जोराने ओढले जाते आणि कड कुजते. मिस्त्री दार उतरवतो, कुजलेली पट्टी ग्राइंडरने कापतो आणि रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर नवा पत्रा ठोकून तोच बाक देतो. सांधा गॅसने मारला तर पातळ पत्रा तापून लाटेसारखा वाकतो, म्हणून आता सीओटू वेल्डिंगचे टिपके देतात. मग प्रायमर, लप्पी (पुट्टीचा हात), घासकाम. दार परत चढवल्यावर मालक ते दोन-तीनदा उगाच सरकवतो. आधीची खरखर जाऊन शेवटी नुसते ‘धप्प’ वाजले की पैसे वसूल.

बाकीचे बदल ज्याच्या त्याच्या गरजेचे. मागची आसने काढून फळीचा पलंग, त्याखाली स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन. पिकअपच्या हौद्यावर पाइपचा सांगाडा आणि ताडपत्री. कुशनवाल्याकडून दुरंगी रेक्झिन. पाठीमागे रेडियमऐवजी मुद्दाम ब्रशने लिहून घेतलेले ‘श्री रेणुकादेवी प्रसन्न’ किंवा ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’, तेही काही जण मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत घेतात. इंजिनाच्या बाबतीत ओम्नी सोपी, कारण मारुती ८०० चे इंजिन त्याच घराण्यातले. चाकांच्या बाबतीत मात्र हौस अंगाशी येते. मूळच्या १२ इंची चाकांजागी रुंद आणि मोठी चाके बसवली की गाडी रुबाबदार दिसते, पण टायरचा घेर वाढल्याने घाटात तिसऱ्या गिअरला धापा टाकते आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो. पाटे काढून गाडी खाली बसवणे हा त्याहून मोठा मूर्खपणा, निदान इथल्या रस्त्यांवर. आणखी एक गोष्ट रंगाने झाकता येत नाही : या गाड्यांत चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याशिवाय फारसे काही नसते. धडक-सुरक्षेचे नवे नियम आले आणि ओम्नी थांबली ती त्यामुळेच.

कायद्याची बाजू अवघड आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले. गॅस किटसारखे इंधनबदल परवानगीने चालतात, पण त्यांची व रंगबदलाची नोंद आरसीवर हवी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग तपासणी करून दर ५ वर्षांनी नवी. २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, तिचा या मंडळींना उपयोग नाही. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, म्हणजे पहिल्या मारुती व्हॅनला २०३४ उजाडेल. शिवाय ती मूळ रूपात हवी आणि प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. पलंग बसवलेली, भाजी वाहणारी गाडी तिथे दारातूनच परत येईल.

सीमाभागात त्यात दोन राज्यांची भर पडते. चांगल्या पत्र्याची जुनी गाडी पुष्कळदा कोल्हापूर किंवा सांगलीत सापडते, म्हणजे पाटी एमएच-०९ किंवा एमएच-१० ची. ती १२ महिन्यांपेक्षा जास्त कर्नाटकात ठेवायची तर तिकडचा ना-हरकत दाखला आणून, इथला कर भरून बेळगावचा केए-२२ किंवा चिकोडीचा केए-२३ क्रमांक घ्यावा लागतो. तपासणीला नेण्याआधी चासी क्रमांकावरचा गंज आणि रंग खरवडून आकडे स्वच्छ वाचता येतील असे करावे लागतात. पेंटरने त्यावरच जाड थर मारलेला असला, तर नव्या रंगाला पहिला ओरखडा मालकाच्याच हातून पडतो.