भाजलेल्या ब्रीची पार्श्वभूमी: चीज फ्रान्सचं, पदार्थ अमेरिकेचा

ब्री या मऊ, पांढऱ्या सालीच्या चीजची अख्खी चकती घ्यायची आणि गरम ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. आतलं चीज वितळून दाटसर झालं की वर मध किंवा अंजिराचा जॅम घालायचा, त्यावर भाजलेले अक्रोड नाहीतर पिकॅन (अक्रोडासारखाच एक सुकामेवा) पसरायचे, भोवती पावाचे कुरकुरीत काप मांडायचे आणि ताट टेबलाच्या मधोमध ठेवायचं. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंतच्या मेजवान्यांत हे स्टार्टर हमखास दिसतं. करायला सोपं, दिसायला देखणं, आणि खाणारे सगळे एकाच ताटाभोवती जमतात. चीज फ्रेंच, म्हणून पदार्थही फ्रान्सहून आला असणार, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो आजच्या रूपात घडला अमेरिकेत, आणि त्याला आकार देण्यात तिथल्या अन्नविषयक एका नियमाचा मोठा हात आहे. मात्र गरम चीजवर गोड घालायची कल्पना या दोन्ही देशांहून पुष्कळ जुनी आहे. सुरुवात तिथूनच करावी लागते.

इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन राजकारणी केटो यानं शेतीवर जे लिहून ठेवलं, त्यात जमीन, द्राक्षमळे, ऑलिव्ह यांच्याबरोबर काही पाककृतीही आहेत. त्यातली एक सॅव्हिलमची. अर्धा रोमन पौंड पीठ, अडीच पौंड चीज, थोडा मध आणि एक अंडं एकत्र मळायचं, तेल लावलेल्या मातीच्या भांड्यात घालायचं, वर झाकण ठेवून भाजायचं. मधला भाग सर्वांत जाड असतो, तो नीट शिजला आहे ना ते बघ, असं केटो बजावतो. भाजून झालं की वरून मध लावायचा, खसखस भुरभुरायची, पुन्हा थोडा वेळ झाकणाखाली ठेवायचं आणि त्याच भांड्यातून चमच्यासह वाढायचं. पिठाच्या पाचपट चीज, वर मध, वर दाणेदार थर, आणि भांडं थेट समोर. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही कृती वाचताना आजच्या पदार्थाचा सांगाडा स्पष्ट ओळखू येतो.

दुसरा पुरावा मला याहूनही महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात ब्रीचं नावच येतं. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचं एक संकलन साधारण १३९० च्या सुमाराचं आहे. त्यात ‘टार्ट द ब्री’ नावाचा पदार्थ आहे. एक इंच खोल पिठाचं कवच, त्यात अंड्यांचे पिवळे बलक आणि चीज, शिवाय सुंठेची पूड, साखर, केशर आणि मीठ. हे सगळं भाजून वाढायचं. त्या काळी इंग्लंडात साखर आणि केशर दोन्ही चैनीच्या वस्तू, म्हणजे हा राजेशाही ताटातलाच पदार्थ. चीज, साखर आणि मसाला एकाच कवचात भाजणं तिथल्या आचाऱ्यांना जराही विचित्र वाटत नव्हतं. तिखटमिठाचे पदार्थ आणि गोडाचे पदार्थ वेगवेगळे वाढायची शिस्त युरोपात रुळली ती नंतरच्या शतकांत. ‘चीजवर जॅम म्हणजे काहीतरीच’ असं आज कुणी म्हणतं, तेव्हा ते या नंतरच्या शिस्तीतून बोलत असतं.

युरोपच्या कडेला आणि पश्चिम आशियात ही जोडी कधी तुटलीच नाही. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसचं कनाफे प्रसिद्ध आहे: खाली मऊ चीज, वर पिठाचा केशरी थर, साखरेचा पाक आणि पिस्त्याचा चुरा, आणि खायचं ते गरमच. तुर्कस्तानात त्याचंच भावंड क्युनेफे. फिनलंडच्या उत्तरेकडे ताजं चीज विस्तवासमोर डाग पडेपर्यंत भाजतात आणि क्लाउडबेरी नावाच्या पिवळ्या रानफळांच्या जॅमबरोबर खातात. एकमेकांपासून इतक्या दूरच्या स्वयंपाकघरांनी तेच केलं, कारण खारट, स्निग्ध आणि गोड एकत्र आलं की प्रत्येक चव जास्त खुलते.

आता ब्रीकडे येऊ. ब्री हा पॅरिसच्या पूर्वेकडचा सुपीक प्रदेश. मो आणि मलँ ही तिथली दोन गावं, आणि त्यांच्या नावांनी ओळखली जाणारी दोन चीज: ब्री द मो आणि ब्री द मलँ. १९८० साली दोघांनाही फ्रान्सचा अधिकृत भौगोलिक दर्जा मिळाला. ब्री द मोची चकती भलीमोठी असते, व्यास छत्तीस-सदतीस सेंटीमीटर, वजन अडीच ते तीन किलो, आणि एका चकतीला सुमारे पंचवीस लिटर कच्चं दूध लागतं. रेनेट म्हणजे दूध साकळवणारं विकर (एन्झाइम). दूध त्यानं साकळलं की भोकं असलेल्या रुंद उलथन्यानं ते मऊ साकळ थरावर थर देत साच्यात उतरवतात, मोडू न देता. मग मीठ, मग पांढरी बुरशी, आणि काही आठवडे मुरवण. बुरशी बाहेरून आत काम करते. पृष्ठभागावरचं लॅक्टिक आम्ल ती खाऊन टाकते, आम्लता उतरत जाते, आणि खडूसारखा कोरडा गाभा कडेकडून मध्याकडे मऊ होत जातो. ब्री कापल्यावर मधोमध पांढरी रेघ दिसली, तर मुरवण अजून आतपर्यंत पोचलेली नाही असं समजावं.

नेपोलियनच्या पाडावानंतर १८१४-१५ मध्ये व्हिएन्नाला युरोपातले मुत्सद्दी जमले असताना फ्रान्सच्या तालेराँनं चीजची स्पर्धा लावली आणि ब्रीला ‘चीजचा राजा’ हा मान मिळाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट म्हणूनच ती घ्यावी. एवढं खरं, की पॅरिसची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर असल्यामुळे या नाजूक, पसरट चीजला दूर जायची फारशी गरज पडली नाही.

दूर गेलं ते त्याचं धाकटं भावंड, नॉर्मंडीचं कॅमेम्बेर. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९१ मध्ये, ब्री प्रांतातून लपायला आलेल्या एका धर्मगुरूकडून मारी आरेल या शेतकरी बाईनं ते करण्याची युक्ती शिकली, असं परंपरा सांगते. पुढे लोहमार्ग आला तशी नॉर्मंडीचा माल काही तासांत पॅरिसला पोचू लागला, आणि १८९० च्या सुमारास युजेन रिडेल या अभियंत्याशी जोडली गेलेली पातळ लाकडाची गोल डबी आली. या डबीनं कॅमेम्बेरला जग दाखवलं. पहिल्या महायुद्धात ते फ्रेंच सैनिकांच्या शिध्यात होतं, आणि युद्ध संपल्यावर ती चव त्यांच्याबरोबर देशभर घरोघरी गेली. आपल्या विषयाच्या दृष्टीनं डबीचा आणखी एक उपयोग आहे. कागद काढून चीज पुन्हा डबीत ठेवलं, वर चिरा पाडल्या, मध आणि रोझमेरीची काडी खोचली, की डबीसकट ओव्हनमध्ये ठेवता येतं. फ्रान्समध्ये गरम चीज असं खातात, ते कॅमेम्बेरचं. ब्री मात्र तिथे जेवणानंतरच्या चीजच्या ताटात, खोलीच्या तापमानाला येऊ दिलेलं, पावाबरोबर. उत्तम मुरलेलं ब्री द मो भाजायची कल्पना तिथल्या चीजवाल्याला रुचणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. त्या चीजला मशरूमचा, ओल्या गवताचा जो दरवळ असतो, तो जॅमखाली दडपून जातो.

मग अमेरिकेत ते भाजायला का लागले? याचं उत्तर १९४९ सालच्या एका नियमात आहे. अमेरिकेच्या केंद्रीय अन्नखात्यानं ठरवलं, की पाश्चराइज न केलेल्या दुधाचं चीज निदान साठ दिवस मुरलेलं असलं पाहिजे, तरच ते विकता येईल. चेडरसारख्या कडक चीजला साठ दिवस म्हणजे काहीच नाहीत. ब्री मात्र सहा-आठ आठवड्यांत ऐन रंगात येतं, आणि साठाव्या दिवसानंतर पॅरिसहून निघून अमेरिकेच्या दुकानात पोचेपर्यंत त्याचा भर ओसरलेला असतो. त्यामुळे खरं कच्च्या दुधाचं ब्री अमेरिकी ग्राहकाला जवळपास मिळालंच नाही. त्याच्या वाट्याला आलं पाश्चराइज केलेल्या दुधाचं, कारखान्यात बनलेलं, लहान चकतीचं ब्री. अनेकदा त्यात सायही वाढवलेली. शिवाय ते लवकर ओघळू नये, दुकानाच्या फळीवर आठवडेच्या आठवडे तसंच राहावं, म्हणून वेगळी विरजणं वापरून आम्लता कमी ठेवलेली. अशा ब्रीची चव सौम्य, लोण्यासारखी, आणि पोत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच. जाणकार नाकं मुरडतात, पण भाजायला हेच चीज योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. गमावण्याजोगा नाजूक सुगंध त्यात फारसा नसतो, स्निग्धता भरपूर असते, आणि बुरशीची पांढरी साल ओव्हनमध्ये वाटीचं काम करते, आतलं वितळलेलं चीज धरून ठेवते. साध्या चवीवर मध आणि अक्रोड हवेहवेसे वाटतात.

बाकीची जुळवाजुळव काळानं केली. १९६० च्या दशकात पाककलातज्ज्ञ जूलिया चाइल्ड यांनी दूरदर्शनवरून अमेरिकी घरांत फ्रेंच स्वयंपाकाची धास्ती घालवली. १९६५ मध्ये पिल्सबरी कंपनीनं डबाबंद क्रेसेंट रोलचं (चंद्रकोरीच्या आकाराच्या पदरी पावाचं) पीठ आणलं, म्हणजे लोणी लाटून थर पाडायचा खटाटोप न करता चीजभोवती पेस्ट्री गुंडाळायची सोय झाली. गोठवलेली पफ पेस्ट्रीही सुपरमार्केटात मिळू लागली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेस्ट्रीत गुंडाळलेलं ब्री हे घरच्या पार्टीचं मानाचं पान झालं. पुढे पेस्ट्री गळाली आणि उघडी चकती, वर भरघोस थर, हे आजचं रूप उरलं. मला तेच जास्त पटतं. पेस्ट्रीच्या आत चीज किती वितळलं ते कळत नाही, आणि तळाचं पीठ बहुधा कच्चं राहतं.

वरच्या थरानं तर हा पदार्थ पुरता अमेरिकी केला. क्रॅनबेरी, मेपल सिरप आणि पिकॅन ही तिन्ही उत्तर अमेरिकेची. पिकॅनची हकीकत थोडी थांबून सांगायला हवी. बी लावून उगवलेल्या झाडाची फळं मूळ झाडासारखी निघतील याचा भरवसा नसतो, आणि पिकॅनवर कलम बांधणं भल्याभल्यांना जमत नव्हतं. लुइझियानातल्या ओक ॲली या ऊसमळ्यावर आंत्वान नावाचा एक गुलाम माळी होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्यानं पातळ कवचाच्या उत्तम पिकॅनची सोळा कलमं यशस्वी केली. व्यापारी पिकॅन बागायतीची सुरुवात तिथून मानतात. १८७६ मध्ये अमेरिकेच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फियाला भरलेल्या प्रदर्शनात त्या वाणाला पारितोषिक मिळालं आणि ‘सेंटेनियल’ हे नाव पडलं. ज्यानं ही किमया केली, त्याचं आडनावसुद्धा नोंदींत उरलेलं नाही. सणासुदीच्या ताटात पिकॅन टाकणाऱ्यांना हे माहीत असावं असं मनापासून वाटतं.

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडतो: पनीर भाजून हेच करता येईल का? नाही. पनीर बनताना दूध आधी चांगलं तापवतात आणि मग आम्लानं नासवतात. तापण्यात निवळीतली प्रथिनं केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला घट्ट चिकटतात आणि आम्लामुळे केसिनमधलं कॅल्शियम निघून जातं. असं जाळं उष्णतेनं सैल पडत नाही. म्हणून पनीर तव्यावर खरपूस होतं, वितळत नाही. ब्रीमध्ये रेनेटनं विणलेलं जाळं बुरशीच्या विकरांनी आधीच बरंचसं तोडलेलं असतं, त्यामुळे थोड्या उष्णतेनंही ते वाहतं. हेच विकर जास्त दिवस काम करत राहिले, तर चीज आपोआपच ओघळायला लागतं.

रेनेटचा मुद्दा शाकाहारी घरांत महत्त्वाचा ठरतो. परंपरेनं ब्रीचं दूध वासराच्या पोटातल्या रेनेटनं साकळवतात. सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेट वापरलेलं ब्रीही परदेशी दुकानांत मिळतं, पण ते पाकिटावर वाचूनच घ्यावं लागतं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी पार्टीला चकती नेण्यापूर्वी एवढं पाहून घेतलेलं बरं, म्हणजे ताटाभोवती कुणी संकोचून मागे राहत नाही. भारतात बनणारं चीज मुख्यतः सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचं असतं. मुंबईत स्पॉटेड काउ ही छोटी चीजशाळा पांढऱ्या बुरशीची चीज करते आणि त्यांना तिनं शहराच्या नावावरून ‘बॉम्ब्री’ आणि ‘कॅमेम्बे’ अशी नावं दिली आहेत.

वरच्या थराला इथे परक्या मालाची गरज नाही. महाबळेश्वरचा मध आहे, आणि त्याच तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. काश्मीरचे अक्रोड आहेत. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला आणि गोव्याचा होऊन गेलेला काजूही चालेल, फक्त तो आधी कोरडा भाजून घ्यायचा, कारण चीजच्या वाफेत कच्चा काजू मऊ पडतो. चकती १७५ अंश सेल्सिअसवर ठेवायची, साल हलक्या हातानं दाबल्यावर आत डचमळलं की काढायची. मध मात्र ओव्हनबाहेर आल्यावरच घालायचा. जास्त तापला की त्याचा सुवास उडून जातो आणि उरतो तो नुसता गोडवा.