मुक्काम-नोंद (बेघर निवारा केंद्र)

बेघर निवारा केंद्रात रात्री किती माणसे मुक्कामाला होती, किती खाटा रिकाम्या राहिल्या आणि किती जण दारातून परत गेले, याची रोजची नोंद. खाटा, पांघरुणे, जेवण आणि काळजीवाहकांच्या पाळ्या तिच्यावरून ठरवता येतात.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ साली सुरू झाले. त्यातील शहरी बेघर निवारा योजनेचा निकष दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची कायमस्वरूपी सोय असा होता. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती, म्हणजे साधारण साडेपाचशे जागा झाल्या. मध्यवर्ती बसस्थानकावर रात्री अकराला कोण अंग टाकते, हे या हिशोबात येत नाही. त्या जनगणनेतली बेघरांची मोजणीही २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली होती. कोल्हापुरात उघड्यावर झोपणाऱ्याची खरी परवड पावसाळ्यात होते, म्हणून इथे रोजच्या वहीला पर्याय नाही.

वहीत नाव, वय, आल्याची वेळ, चालू औषधे आणि सही किंवा अंगठा असतो. कागदपत्र नाही म्हणून कुणाला बाहेर ठेवणे चुकीचे आहे. सांगेल ते नाव लिहावे. व्यापलेल्या खाटांना वापरण्याजोग्या खाटांनी भागून शंभराने गुणले, की भरण्याची टक्केवारी निघते. ही टक्केवारी फसवी असते. समजा, पुरुषांच्या ३० खाटांपैकी १५ भरल्या आणि बायकांच्या २० पैकी २०. कागदावर भरणा ७० टक्के दिसतो, पण एकविसाव्या बाईला जागा नसते. म्हणून पुरुष, बायका, आजारी व वृद्ध यांचे आकडे वेगळे काढावेत. मुक्कामाचे दिवसही यातूनच कळतात: सरासरी ४० जण राहतात आणि रोज दोन नवे येतात, तर एकेकाचा मुक्काम सरासरी २० दिवसांचा. महिनोन्‌महिने राहणाऱ्याला खाटेइतकीच निवृत्तिवेतनाची, उपचारांची किंवा घरच्यांच्या शोधाची गरज असते.

पुराच्या दिवसांत वहीला पंचगंगेच्या पातळीची जोड द्यावी लागते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी इशाऱ्याला टेकण्याआधीच घाटावर झोपणाऱ्यांसाठी जादा अंथरुणे काढून ठेवलेली बरी. शाळांमधल्या पूरग्रस्तांची गणना मात्र या वहीत मिसळू नये. पाणी ओसरले की ते घरी जातात. बेघराला जायला घर नसते.

सगळ्यांत महत्त्वाचा आणि बहुधा कोराच राहणारा रकाना ‘परत गेले’ हा. भरणा शंभर टक्क्यांच्या वर जात नाही, त्यामुळे दारात थांबलेला माणूस त्यात दिसत नाही. खाटा रिकाम्या राहिल्या म्हणजे गरज नाही, असे समजून निधी कापणे हा उलटा न्याय आहे. या रकान्यात कारणही लिहावे: नवरा-बायको वेगळे झोपायला तयार नव्हते, बोचके आत घेऊ दिले नाही, हमालीवरून सुटेपर्यंत दार बंद झाले होते.