मुंबईची झाडं: माडाच्या वाड्यांपासून वृक्षगणनेपर्यंत

मेट्रो असो, रस्ता रुंदीकरण असो की पुनर्विकास, बुंध्यावर नोटीस लागली की मुंबईत वाद ठरलेलाच. तो ‘विकास की पर्यावरण’ एवढ्यावरच अडतो. पण झाड कशासाठी असतं, याचं उत्तर या शहराने आजवर अनेकदा बदललं आहे. आजचा घोळ बराचसा त्यातून आला आहे.

बेटांच्या काळातलं झाड पोटापाण्याचं होतं. माहीम-गिरगावात माड-ताडांच्या वाड्या, माझगावात आंबराया. भंडारी समाजाचा माडी काढण्याचा धंदा याच झाडांवर चाले. माडांना कुजक्या मासळीचं खत घालत. सतराव्या शतकात आलेल्या इंग्रजांनी इथल्या रोगट हवेचं खापर त्या खतावर फोडलं होतं! १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि मुंबईतल्या इंग्रजांचं धाबं दणाणलं. किल्ल्याभोवती खंदक खणायला घेतला. पुढे तोफांसमोरचा पट्टा मोकळा राहावा म्हणून आसपासची घरं आणि माड हटवले गेले. आझाद, क्रॉस आणि ओव्हल ही मैदानं त्याच मोकळ्या पट्ट्यातून उरली आहेत.

एकोणिसाव्या शतकात झाड शोभेचं आणि सावलीचं झालं. राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दादर-माटुंग्याला रुंद, झाडांच्या रांगा असलेले रस्ते आखले. पर्जन्यवृक्ष मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला, गुलमोहर मादागास्करचा. दोन्ही भराभर वाढतात आणि ऐसपैस सावली देतात. गुलमोहराचं लाकूड मात्र ठिसूळ, मुळंही वरवरची. पावसाळ्यात तो कधी आडवा होईल, सांगता येत नाही.

वड, पिंपळ, उंबर यांची गोष्ट वेगळी. ही झाडं शहरात लावली गेली त्याहून जास्त पाखरांनी पेरली असावीत. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली १८५० च्या दशकात दलाल जमत; त्यांच्यातूनच १८७५ मध्ये शेअर बाजाराची संघटना उभी राहिली. चाळीच्या पन्हळीपाशी, गिलाव्याच्या भेगेत पिंपळाचं रोप आलं की भिंत फुटणार हे सगळ्यांना कळतं, पण उपटायला कोणी पुढे होत नाही. मग कंत्राटदार नारळ फोडतो, हात जोडतो आणि कोयता चालवतो. या झाडांची फळं एकाच हंगामात संपत नाहीत. एका वडाची सरली की दुसरा लगडलेला असतो, त्यामुळे तांबट, कोकीळ आणि वटवाघळांचं भागतं. वटपौर्णिमेला मात्र बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात आणि घरोघरी त्यांनाच सूत गुंडाळलं जातं. दीर्घायुष्य मागायला झाडच छाटायचं, ही खास शहरी सोय!

मग १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आला. परवानगीशिवाय तोड बंद झाली, ती परवानगी देणारं वृक्ष प्राधिकरण आलं. ते गरजेचंच होतं. पण त्याबरोबर झाड हा एक आकडा झाला. पालिकेच्या २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं भरली, आणि त्यात शंभरीतला वडही एक, परवाचं रोपही एक. त्या आकड्यातल्या कितीतरी झाडांच्या बुंध्यांपर्यंत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक येऊन भिडलेले. मुळांना ना हवा ना पाणी. मे २०२१ च्या तौक्ते वादळात शहरात दोन हजारांहून जास्त झाडं कोसळली.

त्याआधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडसाठी तोड झाली होती. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या त्याच रात्री करवती सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. २०२१ मध्ये कायदा बदलला. पन्नाशी ओलांडलेलं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरलं, आणि जेवढं झाडाचं वय तेवढी नवी झाडं लावायची, असा हिशेब आला. म्हणजे आता भांडण वयावर येणार. वय बुंध्याच्या घेरावरून काढायचं, तर पारंब्यांचेच खोड बनलेल्या जुन्या वडाचा घेर नेमका कुठून मोजायचा?